'भावना दुखावल्या असल्यास' म्हणजे माफी झाली का? (सोलापूर, ध्वजदिनाचा किस्सा, मोठा आहे)

साडी_काउंटर

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सोलापुरात एका मोठ्या कपड्याच्या शोरूममधे साडी काउंटरला आहे, ११ वर्षं झाली. नाव सांगणार नाही, सोलापूरकरांना कळलं तरी प्लीज इथं लिहू नका, नोकरी अजून तिथंच आहे. आमचे आप्पा फौजी, १ मराठा मधनं हवालदार म्हणून रिटायर झाले, ७१ च्या लढाईत जमालपूरला (आताच्या बांगलादेशात) होते. आता वय ७५. लढाईबद्दल फारसं बोलत नाहीत, कुणी विचारलं तर "चिखल लई होता" एवढंच सांगतात. पण एक गोष्ट दरवर्षी करतात, ७ डिसेंबरला म्हणजे ध्वजदिनाला आंघोळ झाली की कागदी झेंडा स्वतःच्या शर्टाला लावतात आणि मग घरातल्या सगळ्यांना एकेक. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांना सांगते, तिरंगा नसतो तो, लाल, गडद निळा आणि फिकट निळा असे तीन रंग असतात, तिन्ही दलांचे. काड्यापेटीएवढा कागद आणि एक टाचणी. शाळेत असल्यापासून लावतेय, न लावता गेले तर दिवसभर काहीतरी विसरल्यासारखं वाटतं.

यंदा ७ तारीख रविवारी आली, त्यात लग्नसराई, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. साडेअकराला फ्लोअर सुपरवायझर आला, नवीन पोरगं आहे, आठ महिने झाले असतील, म्हणाला ताई हे काढा, कुठल्या पक्षाचं आहे हे, आज मालक येणारेत. मी म्हटलं अरे पक्षाचं नाही, सैनिकांचं आहे. तर म्हणे कुणाचं का असेना, युनिफॉर्मवर नावाची पट्टी सोडून काही चालत नाही, आणि हात पुढं करून उभाच राहिला. समोर नवरीकडची चार माणसं बसलेली, गादीवर इरकल उलगडलेली, काय वाद घालणार, काढून दिला. त्याने शर्टाच्या खिशात टाकला आणि गेला.

गिऱ्हाईकात एक मावशी होत्या त्यांनी हे सगळं पाहिलं. त्यांच्या मुलानं संध्याकाळी फेसबुकवर लिहिलं आणि मग काय, रात्रीपर्यंत सगळ्या ग्रुपवर दुकानाच्या नावासकट. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाच्या पेजवर हे आलं, जसंच्या तसं देतेय:

"दि. ७ रोजी आमच्या दालनात घडलेल्या प्रकारामुळे कोणाच्याही भावना दुखावल्या गेल्या असल्यास आम्ही दिलगिरी व्यक्त करतो. भारतीय सैन्याबद्दल आम्हाला नेहमीच नितांत आदर आहे. संबंधित कर्मचाऱ्यास समज देण्यात आली आहे. सैनिक परिवारांसाठी या आठवड्यात सर्व खरेदीवर १० टक्के विशेष सूट."

मला कुणी काहीच बोललं नाही. ना मालक ना मॅनेजर. दोन दिवसांनी मात्र ऑफिसमधे बोलावलं आणि सांगितलं की १६ डिसेंबरला विजय दिवस आहे, तेव्हा आप्पांना घेऊन या, दुकानात शाल श्रीफळ देऊन सत्कार करायचाय, पत्रकार पण येणारेत. आणि हो, तुम्ही दोन शब्द बोला की आमचा काही गैरसमज राहिला नाही म्हणून.

आप्पांना ती पोस्ट वाचून दाखवली. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असल्यास म्हंजे? दुखावल्या का नाही ते अजून कळंना का त्यांना?" सत्काराचं विचारलं तर उठून भाकरी खायला गेले.

तर विचारायचंय असं की जावं का? नाही गेलं तर नोकरीचं काय, गेलं तर आप्पांना कुठल्या तोंडानं घेऊन जाऊ. आणि मीच जास्त मनाला लावून घेतेय का?

का_बे_सोलापूर

१० टक्के सूट 😂😂 का बे, माफी मागालास का सेल लावालास?

जमालपूरला जाऊन आलेल्या माणसाला टॉवेल चादरीवर १० टक्के. अटी लागू लिहायचं विसरले वाटतं.

ब्रॅम्प्टनचा_पंढरपूरकर

ताई, तुम्ही जास्त मनाला लावून घेत नाही आहात, पहिलं हे.

मी कॅनडात आहे १४ वर्षं, तुमचा किस्सा वाचून हसूच आलं कारण डिट्टो हेच इथं २०२० मधे झालंय. इथं ११ नोव्हेंबरला रिमेम्ब्रन्स डे असतो, १९१८ ला त्या दिवशी पहिलं महायुद्ध थांबलं म्हणून. ऑक्टोबरच्या शेवटापासून लोक डाव्या बाजूला कोटावर लाल पॉपी लावतात, माजी सैनिकांची संघटना आहे लीजन म्हणून, ते डब्बा घेऊन बसतात, तुम्ही वाटेल तेवढे पैसे टाकायचे आणि एक पॉपी घ्यायची. आपल्या ध्वजदिनासारखंच. फरक एवढाच की इथं बस ड्रायव्हरपासून टीव्हीवर बातम्या देणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या छातीवर दिसते आणि आपल्याकडं झेंडा कसला हेच सुपरवायझरला माहीत नाही.

तर होल फूड्स म्हणून महागडी किराणा साखळी आहे, ॲमेझॉनची. त्यांनी युनिफॉर्मचे नियम बदलले आणि कर्मचाऱ्यांना पॉपी लावायला बंदी केली. ओटावातल्या एकीला सांगितलं की हे चालू दिलं तर दुसरी पण 'कॉजेस' येतील. बातमी फुटली आणि आग लागली, पंतप्रधान बोलले, संसदेत सगळ्या पक्षांनी एकमतानं निषेधाचा ठराव केला, असं एकमत इथं वर्षातनं किती वेळा होत असेल देव जाणे. कंपनीनं त्याच दिवशी बंदी मागं घेतली. मला आठवतंय ते वेगळंच, बंदी होती तेव्हा पण त्यांचं म्हणणं हेच होतं की आम्हाला सैनिकांबद्दल आदर आहे, आम्ही दुकानात मौन पाळतो, लीजनला देणगी देतो. म्हणजे कंपनी आदर करणार, कंपनीच्या पद्धतीनं, आणि काउंटरवरच्या बाईनं तिच्या आजोबांसाठी एक फूल लावायचं नाही. तुमच्या दुकानाचा "नितांत आदर" वाचून तेच आठवलं बघा.

पण पुढचं महत्त्वाचं आहे. आमच्या ऑन्टारियो प्रांतानं नुसत्या माफीवर सोडलं नाही, कायदा केला की त्या आठवड्यात कामावर पॉपी लावायला मालक अडवू शकत नाही, मशिनीजवळ वगैरे धोका असेल तर तेवढं सोडून. म्हणून माझं मत, तुम्ही शब्द मोजत बसू नका, पुढच्या ७ डिसेंबरला काय हे विचारा.

(जाता जाता, पहिल्या महायुद्धात आपल्याकडचे ७४ हजार गेले. दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनवाल्यांनी पॉपीच्या जागी आपल्यासाठी झेंडूचं फूल सुचवलंय. आमच्या पंढरपुरात झेंडूला काय तोटा नाही.)

कापडवाला_नवीपेठ

सगळे एका बाजूनं बोलताहेत म्हणून दुसरी बाजू सांगतो, शिव्या घाला चालेल.

माझं स्वतःचं दुकान आहे, लहान आहे, सहा माणसं कामाला. माझा पण नियम आहे की अंगावर काही लावून यायचं नाही. का? कारण मागं निवडणुकीत एकानं एका पक्षाचं उपरणं घातलं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं दुसऱ्याचं, आणि तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारातनं परत जायला लागलं. सोलापुरात तेलुगू, कन्नड, मराठी, हिंदू, मुसलमान सगळं गिऱ्हाईक, प्रत्येकाच्या जयंत्या वेगळ्या, प्रत्येकाचा बिल्ला वेगळा. मी कुठं कुठं ठरवत बसू की हा चालतो आणि तो चालत नाही. म्हणून सरसकट नाही. त्या पोरानं नियम पाळला, त्याचं काय चुकलं?

माफीचं म्हणाल तर ती पोस्ट मालकानं लिहिलेलीच नसणार. पेज बघणारा कुणीतरी असतो, तो जुन्या पोस्टवरनं कॉपी मारतो. मालकाच्या मनात खरंच वाईट वाटलं असू शकतं, त्याला लिहिता आलं नाही एवढंच.

साडी_काउंटर

@कापडवाला_नवीपेठ दादा तुमचं नियमाचं पटतं मला, खरंच. त्या पोरानं शांतपणे सांगितलं असतं की ताई आज मालक येणारेत, तेवढा वेळ काढा, तर मी काढला असता आणि ही पोस्ट पण लिहिली नसती. मला लागलं ते "कुणाचं का असेना".

पण दुकानात मालकाच्या गुरुजींचा फोटोचा बिल्ला आम्ही सगळ्यांनी उत्सवात आठवडाभर लावलेला आहे. युनिफॉर्मवरच. तेव्हा नियम नव्हता.

का_बे_सोलापूर

घ्या. संपलं की मग.

कापडवाला_नवीपेठ

हे आधी सांगायचं ना ताई. मग माझं 'त्याचं काय चुकलं' मागं घेतो. कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास नाही, तुमच्याच, आणि मीच. 🙏

वाचनालयातला_म्हातारा

या धाग्यावर जरा उशिरा आलो. निवृत्त शिक्षक आहे, लांबण लावायची सवय आहे, कंटाळा आला तर पुढं जा.

'असल्यास' या एका शब्दावर आपल्या आप्पांनी जे बोट ठेवलं ते फार नेमकं आहे. मोठमोठ्या सरकारांची माफी याच शब्दाभोवती घुटमळते. जालियनवाला बाग १९१९ ची. २०१९ साली शंभर वर्षं भरली तेव्हा ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे त्यांच्या संसदेत बोलल्या, खेद व्यक्त केला, इतिहासावरचा लाजिरवाणा डाग आहे म्हणाल्या, सगळं म्हणाल्या पण माफीचा शब्द काही आला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे सर्वात मोठे धर्मगुरू, अमृतसरला आले. सरकारच्या वतीनं बोलायचा मला अधिकार नाही पण मला स्वतःला लाज वाटते असं सांगून तो माणूस तिथं जमिनीवर पालथा पडला, साष्टांग. आता अधिकार कुणाला होता आणि वाकलं कोण ते बघा.

आणखी एक. कोमागाटा मारू जहाज, १९१४, ३७६ प्रवासी, बहुतेक शीख, कॅनडानं व्हँकुव्हरच्या बंदरातनं परत पाठवलं आणि इकडं कलकत्त्याजवळ बजबजला उतरताना गोळीबार होऊन माणसं मेली. त्याची माफी कॅनडाच्या पंतप्रधानांनी, हार्पर यांनी, २००८ साली मागितली, पण कुठं, तर सरे गावातल्या मैदानावर, मेळाव्यात, भाषणाच्या ओघात. ते स्टेजवरनं उतरून गेल्यावर आयोजकांनी लोकांना हात वर करायला सांगून विचारलं, ही माफी मान्य आहे का, आणि लोकांनी नाही म्हटलं. कारण जहाज हाकललं ते सरकारनं, तर माफी पण संसदेच्या सभागृहात पाहिजे. ती २०१६ च्या मे महिन्यात तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो यांनी सभागृहात मागितली. आठ वर्षं लागली पण लोक जागा बदलून घेतल्याशिवाय हलले नाहीत.

तुमच्या बाबतीत पण जागाच बघा. झेंडा काढला साडी काउंटरवर, तुमच्याकडनं. माफी गेली फेसबुकवर, "कोणाच्याही" कडं. सत्कार होणार आप्पांचा. यात तुम्ही कुठं आहात? उलट तुम्हालाच दोन शब्द बोलायला लावताहेत. म्हणजे माफी मागायचं काम पण तुमच्याच अंगावर.

आणि सोलापुरात असं व्हावं याचं जास्त वाईट वाटतं. १९३० च्या मे महिन्यात आपल्या गावात मार्शल लॉ लागला, डोक्यावर गांधी टोपी दिसली की ती उतरवायला लावायचे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. त्या चौघांचे पुतळे रोज बघत आपण सिग्नलला हॉर्न मारतो. १२ जानेवारीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची धामधूम असते, त्या गर्दीत किती जणांच्या लक्षात राहतं कोण जाणे, पण कुणी कुणाला अडवत तरी नाही.

अजून एक सांगून थांबतो. परवा ९ तारखेला मी भैय्या चौकात कोटणीस स्मारकावरनं येत होतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापूरचा, १९३८ मधे पाच डॉक्टरांच्या पथकातनं चीनला गेले, जपानशी युद्ध चालू होतं, जखमींवर ऑपरेशनं करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले. वय ३२. चीनमधे आजही त्यांच्या समाधीवर फुलं वाहतात. मी गेट धरून दोन मिनिटं उभा राहिलो तर एका रिक्षावाल्यानं विचारलं, काका कुठं सोडू.

कोर्टाच्या_पायरीवर

थोडं कायद्याचं, कारण वर कुणीतरी लिहिणारच की हा तर मूलभूत हक्क आहे.

नवीन जिंदाल यांची केस सगळ्यांना माहीत असते. त्यांच्या छत्तीसगडमधल्या रायगढच्या कारखान्यावर रोज तिरंगा लावायला अधिकाऱ्यांनी अडवलं, ते कोर्टात गेले आणि २००४ मधे सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सन्मानानं राष्ट्रध्वज फडकवणं हा कलम १९ (१) (क) खालचा अभिव्यक्तीचा हक्क आहे. बरोबर. पण ते भांडण सरकारशी होतं. खाजगी दुकानाचा मालक युनिफॉर्म कसा असावा हे ठरवू शकतो आणि ध्वजदिनाचा झेंडा हा राष्ट्रध्वज नाही. ऑन्टारियोसारखा कायदा आपल्याकडं नाही. म्हणजे केस वगैरे डोक्यातनं काढा.

ध्वजदिन १९४९ पासून आहे, सरकारच पाळतं, दरवर्षी कलेक्टर ऑफिसमधनं निधी गोळा होतो, मालकाला हे दाखवून द्या. भांडू नका, दोन ओळी लेखी मागा, की ७ डिसेंबरला कर्मचाऱ्यांना इच्छा असेल तर झेंडा लावता येईल. सत्काराला हो किंवा नाही ते आप्पांवर सोडा. पण "गैरसमज राहिला नाही" असं काही बोलू नका आणि कुठल्याही कागदावर सही तर अजिबात नको.

फौजी_की_बायको

माझे मिस्टर सध्या सर्व्हिसमधे, पोस्टिंग लिहीत नाही. एकच सांगते, शाल श्रीफळाच्या फोटोत जवानाचं तोंड बघा कधी. सगळे कॅमेऱ्याकडं बघत असतात आणि तो बिचारा नारळ कुठं ठेवू ते बघत असतो.

झेंडा लावायची सक्ती पण नको हां, हे पण लिहून ठेवते. आमच्या कॉलनीत एकदा न लावणाऱ्याला देशद्रोही ठरवून मोकळे झाले होते लोक. ज्याला लावायचा त्याला लावू द्या, विषय संपला.

का_बे_सोलापूर

@साडी_काउंटर ताई १६ तारीख होऊन गेली की, काय झालं मग?

साडी_काउंटर

उशीर झाला, सॉरी, लग्नसराईत जीव जातो.

१६ ला गेलो नाही. मी मॅनेजरना सांगितलं की आप्पांना दुकानात सत्कार नको आहे, आणि कोर्टवाल्या दादांनी सांगितलं तसं दोन ओळींचं विचारलं. ते म्हणाले मालकांशी बोलतो. अजून बोलताहेत. नोकरी आहे, कुणी त्रास दिला नाही, फक्त मॅनेजर आधी ताई म्हणायचे ते आता मॅडम म्हणतात. पेजवरची पोस्ट तशीच आहे, खाली सगळे हात जोडलेले आणि तिरंग्याचे इमोजी, एका बाईनं विचारलंय की सूट ब्लाउज पीसवर पण आहे का.

सत्कार झाला, दुसऱ्या एका काकांचा, मला ओळखीचे नाहीत. पेपरात फोटो आलाय.

पण जे सांगायला आले ते वेगळंच. १८ ला रात्री नवाच्या पुढं दारावर टकटक झाली, बघते तर तो सुपरवायझर पोरगा. हेल्मेट हातात, आत येईना. मला वाटलं मला काही सांगायला आलाय, तर म्हणाला काका आहेत का. आप्पा आतनं आले, बनियनवर होते, शर्ट घालायला परत गेले, मग आले. तो म्हणाला काका तो झेंडा कसला ते मला खरंच माहीत नव्हतं, मला वाटलं कुठल्या पार्टीचा आहे, पण नंतर ताईंनी सांगितलं तरी मी काढायला लावला, ते मला नको होतं करायला. गाव मोहोळकडलं आहे त्याचं, बाप हमाली करतो. "समज देण्यात आली" म्हणजे तीन दिवसांचा पगार कापलाय त्याचा, हे मला तेव्हाच कळलं.

आप्पांनी विचारलं जेवलास का. तो हो म्हणाला, खोटं बोलला, चेहऱ्यावर दिसत होतं. मी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दिली, उभ्यानंच खायला लागला तेव्हा आप्पा बस म्हणून ओरडले, परेडला ओरडल्यासारखं, तेव्हा बसला.

जाताना त्यानं खिशातनं बिलाचं पाकीट काढलं, त्यात झेंडा होता माझा. कोपरा दुमडलेला, टाचणी वाकलेली. त्या दिवशी खिशात टाकला तो फेकून द्यायचं धाडस झालं नाही म्हणाला. आप्पांनी तो हातावर घेतला, नखानं टाचणी सरळ केली, कपाटातल्या बिस्किटाच्या डब्यात ठेवला, त्या डब्यात आईच्या वेळेपासूनचे सगळे झेंडे आहेत.

पगार कापल्याचं मी उद्या मॅनेजरकडं काढणार आहे. @कोर्टाच्या_पायरीवर दादा, असा न सांगता पगार कापता येतो का? त्याला लेखी काहीच दिलेलं नाही.